चुन्यानं फुगलेली माती

त्या दिवशी मातीवाल्या बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना याच नावानं ओळखत. पाण्यात ठेवलेल्या एका नमुन्याकडे त्या सारख्या फेऱ्या मारत होत्या. चिकणमातीत चुना मिसळला की ती घट्ट होते, पाणी लागलं तरी फुगत नाही. हा नमुना मात्र साच्याबाहेर डोकं काढून बसला होता.

दवाखान्याच्या नव्या रस्त्याला चुना त्यांनीच सुचवला होता. सुरुवातीचे नमुने ठणठणीत निघाले होते. हा रस्त्याच्या शेवटच्या टोकाचा. त्यात बारीक चकाकणारे खडे दिसत होते. जिप्सम! चुन्याशी त्याची गाठ पडली की माती आतून फुगते.

ठेकेदार म्हणजे त्यांचा धाकटा दीर. तो फोन उचलेना, तशा बाई तडक कामावर जाऊन थडकल्या. रोलर नेमका त्याच टोकाला फिरत होता.

“भावजी, थांबवा!”

“वहिनी, चुना टाका म्हणालात तुम्हीच ना?”

“म्हणाले. पण इथली माती वेगळी निघाली. पाणी मुरलं की रस्ता उखडेल.”

“एका डब्यातल्या मातीसाठी माणसं बसवून ठेवू?”

“मग खात्री करा. झालंय तेवढ्यावर पाणी सोडा.”

दिरानं धुसफुसत काम दुसरीकडे हलवलं आणि टँकर इकडे वळवला.

तो आठवडा बाईंनी कसाबसा काढला. भाजीत मीठ दोनदा पडलं. माती फुगली नाही, तर घरात जन्मभर ऐकावं लागणार. फुगली, तर चूक त्यांचीच.

“भाऊ माझा आणि झोप तुझी उडाली!” नवरा म्हणाला. त्यांना हसू आलं नाही.

शेवटी दिराचाच फोन आला. त्या पोचल्या तेव्हा तो उकिडवा बसून भेगेत बोटं घालत होता. सपाट केलेली जमीन टेंगूळ आल्यासारखी वर आली होती.

“वाचवलंत,” तो हळूच म्हणाला. “आता?”

“इथला चुना कमी करू. लोखंडाच्या भट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, बारीक दळून मिसळू. पण आधी तपासू द्या.”

नवा नमुना पाण्यात राहूनही जागचा हलला नाही. भार दिला, तोही त्यानं पेलला. दिरानं फुगलेला थर खरवडून काढला आणि काम नव्यानं सुरू केलं.

“आता तरी निवांत व्हा, वहिनी.”

“होते. मधल्या पट्ट्याची माती तेवढी पाठवा.”

“तिला काय झालं?”

“तेच तर माहीत नाही,” बाई म्हणाल्या आणि रिकामे साचे पुसायला लागल्या.