हवालदाराने धरलेला पट्टा

नियम हवालदारानेच आणवला होता, हे आधीच सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी त्याचा जोडीदार बुडणाऱ्याला काढायला कालव्यात उतरला आणि दोघेही गेले. त्यानंतर हवालदाराने वरच्या कचेरीत चपला झिजवल्या. गुडघ्याच्या वर पाणी असेल, तर बचावाची बोट आल्याशिवाय कुठल्याही पोलिसाने उतरायचं नाही, असा हुकूम निघाला. दर सोमवारी हजेरीला तो मोठ्याने वाचून दाखवायचा आणि प्रत्येकाची सही घ्यायचा. ‘हवालदार अंघोळसुद्धा लाइफ जॅकेट घालून करतात,’ म्हणायचे लोक. म्हणेनात का! जिवंत होते ना, म्हणूनच टिंगल करत होते.

मंगळवारी सकाळी पोस्टमन सायकलसकट कालव्यात पडला. गस्तीवरचा हवालदार आणि त्याच्या जोडीची शिपाईबाई मिनिटभरात काठावर होते. पोस्टमन मधोमध गटांगळ्या खात होता. गाडीतली दोरी त्यांनी दोनदा फेकली, दोन्ही वेळा तोकडी पडली. मग बाईने बूट काढले. पट्टीची पोहणारी ती. हवालदाराने मागून तिचा कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला.

“सोडा, दादा. वीस हात तर अंतर आहे.”

“बोट निघालीय.”

बोट अकरा मिनिटांनी आली, तोवर पोस्टमन बुडाला होता. बाई त्याच्याशी दिवसभर बोलली नाही.

साहेबांनी मात्र पाठ थोपटली. “घरी कळवायला दुसरा माणूस गेलाय, तू त्यात पडू नकोस. कोणी विचारलंच, तर बोटीला उशीर झाला, एवढंच बोल.” सगळं बोटीवर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण हवालदाराला घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी तो साध्या कपड्यांत पोस्टमनच्या दारात उभा राहिला. पोस्टमनच्या बायकोने त्याला आत बसवलं.

“कोणीच उडी मारली नाही?” तिने विचारलं.

“एकजण मारत होती. मी धरून ठेवलं.”

“तिला पोहता येत नव्हतं?”

“येतं.”

“आणि तुम्हाला?”

“मलाही येतं.” मग त्याने जोडीदाराचं सांगितलं, नियमाचं सांगितलं. आपण स्वतःची वकिली करतोय, हे त्याला कळत होतं, तरी थांबता येत नव्हतं.

तिने सगळं ऐकून घेतलं.

“घरी कोण आहे तिच्या?”

“म्हातारी आई.”

दोरीवर नवऱ्याचा दुसरा गणवेश वाळत होता. तो काढून तिने नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवला.

“तिच्या आईसाठी बरं वाटतं,” ती म्हणाली. “पण तुम्ही बरं केलंत, हे माझ्या तोंडून ऐकायला आला असाल, तर ते मी म्हणणार नाही.”

हवालदाराने मान खाली घातली. तो त्यासाठीच आला होता.