सगळ्यांची पकड एकतीस

मित्रांनो, माझ्या अंगावर विजेची वायर नाही, बॅटरी नाही, मला शिट्टीही वाजवता येत नाही. तरी मी यंत्र आहे, आणि चांगले जुने यंत्र आहे. माणसाच्या मुठीत किती किलो जोर आहे हे मी मोजतो. कागदोपत्री माझे नाव 'पकडमापक' असे भारदस्त आहे. पण ज्या कचेरीत मी अकरा वर्षे नोकरी करतो आहे, तिथे मला सगळे मूठमाप्या म्हणतात.

माझी रचना सोपी आहे. सायकलच्या ब्रेकसारखी एक दांडी, ती मुठीत धरून आवळायची. वर घड्याळासारखी तबकडी, तिच्यावर दोन काटे. काळा काटा मुठीबरोबर वर चढतो आणि मूठ सैल झाली की खाली येतो. जाताना तो तांबड्या काट्याला पुढे ढकलत नेतो. तांबडा मात्र परत येत नाही. तो पोहोचला तिथेच थांबतो, म्हणजे लिहिणाऱ्याला आकडा सावकाश वाचता यावा. वाचून झाला की बाजूची चकती फिरवून त्याला शून्यावर आणायचे. एवढीच माझी अक्कल. याहून कमी अकलेवर माणसे मोठमोठ्या खुर्च्या सांभाळताना मी पाहिली आहेत, म्हणून फारसा लाजत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. एका अबोल जोडाऱ्याने मला जोडले, माझ्या दांडीला दहा किलोचे वजन टांगले, मग वीस, मग पन्नास. काटा प्रत्येक वेळी बरोबर आकड्यावर गेला तेव्हा तो "हं" म्हणाला. त्याच्या तोंडून हा "हं" ऐकायला त्याच्या बायकोला बारा वर्षे लागली होती असे तिथले लोक सांगत. मला पहिल्याच दिवशी मिळाला.

मग निळ्या मखमलीच्या पेटीतून मी एका व्यायामशाळेत गेलो. तिथली पोरे मला आवळताना दात-ओठ खात, नाकपुड्या फुगवत, आणि साठ-पासष्टच्या पुढे काटा गेला की शर्ट नसलेल्या दंडावरची बाही सरकवत. दिवस कौतुकाचे होते, पण मी तेव्हाही स्वस्थ नव्हतो. रस्त्यावरून अवजड गाडी गेली की माझा काळा काटा थरथरे. कोणी दार आपटले की थरथरे. कोणीच काही केले नाही तरी आता कोणी काही करील म्हणून थरथरे. स्वभावच तसा. पुढे व्यायामशाळेत चमकत्या आकड्यांचे नवे यंत्र आले आणि माझी रवानगी कामगारांच्या इजा तपासणाऱ्या मंडळाच्या कचेरीत झाली.

इथल्या मुठी वेगळ्या होत्या. मी खोलीतल्या मेजावर बसून उघड्या दारातून बाहेरचा बाक पाही. त्या बाकावर कोणी म्हणून शांत बसत नसे. कोणी ओला असल्यासारखा हात झटकत असे, कोणी बोटे चोळत असे, कोणी हात डोक्यावर ठेवून बसे, कारण तेवढा वेळ जरा बरे वाटते. शिवणयंत्र चालवणाऱ्या, कीबोर्ड बडवणारे, खोक्यांना चिकटपट्ट्या मारणाऱ्या, कोंबड्या कापणारे. एकच हालचाल, दिवसातून काही हजार वेळा, वर्षानुवर्षे. मंडळाचे डॉक्टर समजावून सांगत की मनगटात एक अरुंद बोगदा असतो आणि त्यातून जाणारी नस चिमटली की बोटांना मुंग्या येतात, मग बधिरपणा येतो. हातातली वस्तू पडली हे पडल्याच्या आवाजावरून कळते.

मित्रांनो, खरे सांगायचे तर मला मुंग्या मोजता येत नाहीत. बधिरपणाही नाही. मला फक्त किलो कळतात. पण मंडळाला आकडा हवा होता आणि आकडा देणारा खोलीत मी एकटाच. नियम असा ठरला : मूठ पंचवीस किलोच्या खाली भरली तर इजा खरी, भरपाईचा अर्ज पुढे. पंचवीस किंवा वर भरली तर हात धडधाकट, अर्ज निकालात. शिवाय दुखऱ्या हाताने तीनदा आवळायचे. तिन्ही आकडे जुळले तर माणूस प्रामाणिक, नाही जुळले तर सोंगाड्या. डॉक्टर माणूस वाईट नव्हते. त्यांचा फक्त जुळणाऱ्या आकड्यांवर फार जीव होता.

आकडे लिहायला एक नोंदवाल्या बाई होत्या. दिवसाला आठ-दहा माणसे, प्रत्येकी तीन आकडे, म्हणजे तीस वेळा चकती फिरवायची. मग त्या नोंदी टाइप करायच्या. माझ्या चकतीला कोणी कधी तेलाचा थेंब दाखवला नव्हता. ती गंजून इतकी घट्ट झाली की बाईंचा अंगठा फिरवताना पांढरा पडे. त्यांनी दुरुस्तीसाठी तीन अर्ज केले. उत्तर आले : यंत्र आकडे दाखवत असल्यास दुरुस्तीची आवश्यकता दिसत नाही.

आता पुढचे सांगताना माझा काटा फार हलतो. आमच्या शिपाईकाकांना धूळ पुसताना मला आवळून बघायची सवय होती. "जिवंत आहेस ना रे, मूठमाप्या?" असे विचारून ते दाबत. एका सोमवारी त्यांनी असेच दाबले. तांबडा काटा एकतीसवर गेला. त्या सकाळी बाईंच्या अंगठ्याने साफ नकार दिला. त्यांनी चकतीवर हात ठेवला, फिरवून पाहिले, डोळ्यांत पाणी आले, आणि तेवढ्यात पहिला माणूस आत आला.

त्याने आवळले. काळा काटा चौदावर जाऊन परतला. तांबडा एकतीसवरच बसून होता. बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि लिहिले : एकतीस, एकतीस, एकतीस.

मंगळवारी त्या चूक सुधारणार होत्या. पण मंगळवारी सुधारायची म्हणजे सोमवारची कबूल करायची. बुधवारी दोन दिवसांची. त्या आठवड्यानंतर आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत नसू. आणि आमच्याकडे एकतीसच्या पुढे जाणारी मूठ कधी येतच नव्हती. तशी मूठ असलेला आमच्या बाकावर येईल कशाला?

सात आठवडे सगळ्यांची पकड एकतीस होती. शिवणवालीची एकतीस, कोंबडीवाल्याची एकतीस. तिन्ही आकडे जुळत, डॉक्टर खूश होत. अर्ज भराभर निकालात निघाल्याबद्दल वरून शाबासकीचे पत्र आले, आणि त्यात 'विश्वासार्ह यंत्रसामग्री' असा माझा उल्लेख होता. आयुष्यातले माझे एकमेव लेखी कौतुक ते हेच.

मग एके दिवशी त्या दोघी बाकावर येऊन बसल्या. एक होती साबणाच्या पावडरीची पाकिटे भरणारी. बावीस वर्षे ती पावडर तोलत होती आणि हाताच्या दाबयंत्राने पाकिटाचे तोंड बंद करत होती, दर नऊ सेकंदांना एक. दुसरी तिची नणंद, सोबत म्हणून आलेली. कारखान्याने पाकीटवालीला तीन महिने बिनपगारी घरी बसवले होते. मनगटाची शस्त्रक्रिया करायची तर भरपाई हवी होती, आणि भरपाई हवी तर माझा आकडा. आकडा पंचवीसच्या वर गेला की सोमवारी पुन्हा त्याच दाबयंत्रापुढे उभे राहायचे, नाहीतर नोकरीवर पाणी सोडायचे.

"वहिनी, ऐक माझं," नणंद सांगत होती. "आत गेलीस की मूठ आवळायची नाही. नुसती ठेवायची. आणि तोंड असं करायचं."

तिने तोंड असे केले की समोरचा माणूस दचकून सरकला.

"वन्सं, मला नाही जमायचं सोंग."

"सोंग कसलं मेलं? दुखतोय ना हात?"

"दुखतोय की."

"मग?"

"दुखतोय तेवढाच दाखवीन. वरचा कशाला?"

"धन्य! माझ्या भावाने बायको केली की खरेपणाचं प्रमाणपत्र आणलं, कळत नाही."

पाकीटवाली आत आली. मित्रांनो, अकरा वर्षांत इतक्या इमानाने मला कोणी आवळले नसेल. तिने पाय रोवले, श्वास रोखला, मान ताठ केली. व्यायामशाळेतली पोरे निव्वळ दिखाऊ होती, ही बाई कामाला लागली होती. काळा काटा थरथरत बारापर्यंत चढला आणि कोसळला.

"एकतीस," बाईंनी खाली मान घालून लिहिले.

तीनदा एकतीस. डॉक्टरांनी पेनाचे टोपण काढले. "छान. आकडे जुळतात. हात धडधाकट आहे तुमचा. सोमवारपासून कामावर जा."

पाकीटवाली उठली नाही. ती माझ्याकडे बघत होती, माणसाकडे बघावे तशी.

"साहेब, हा तांबडा काटा मी हात लावायच्या आधीपासून एकतीसवर होता."

"बाई, ते यंत्र आहे. त्याला तुमच्याशी वैर नाही."

"वैर नाही हो. पण आमच्याकडे काटा शून्यावर आणल्याशिवाय पाकीट ठेवत नाहीत. बावीस वर्षांत मी एक नाही ठेवलं."

"तुमच्याकडे साबणाची पावडर असते. इथे माणसं तपासतो आम्ही."

"म्हणून तर म्हणते."

दारातून नणंदेचे डोके आत आले. "साहेब, यंत्र मेजावर आहे आणि आकडा एकतीस आहे. म्हणजे मेजाची पकड एकतीस. आता मेजालाही सोमवारी कामावर पाठवा."

डॉक्टर हसणार होते, पण त्यांची नजर माझ्यावर पडली आणि हसू तिथेच राहिले. माझ्यावर कोणाचा हात नव्हता. काळा काटा शून्यापाशी थरथरत होता, तांबडा एकतीसवर.

"बाई, हा काटा खाली आणा जरा."

नोंदवाल्या बाईंनी चकतीवर अंगठा ठेवला. अंगठा पांढरा पडला, मनगट लटपटले, चकती तसूभर हलली नाही.

"मला नाही जमत, साहेब."

"कधीपासून?"

"सात आठवडे." मग त्या हळूच म्हणाल्या, "हातातून कप पडतो माझ्या. आवाज आल्यावर कळतं."

शेवटी नणंद पुढे झाली. तिने बांगड्या वर सारल्या, "सरका," म्हणाली आणि कर्रकन चकती फिरवली. तांबडा काटा शून्यावर पडला. मला वाटले माझ्या पाठीवरचे पोते कोणी उतरवले.

पाकीटवालीने पुन्हा आवळले. बारा. अकरा. बारा. आकडे जुळत होते, पण डॉक्टरांना या वेळी आनंद झालेला दिसला नाही. त्यांनी नोंदवही ओढून घेतली आणि मागची पाने चाळू लागले. एकतीस, एकतीस, एकतीस. प्रत्येक ओळीखाली त्यांची सही होती. बराच वेळ त्यांना ती आपली सही ओळखू येत नसावी.

पाकीटवालीचे काम एवढ्याने झाले नाही. कारखान्याचा वकील म्हणाला की तिचा हात घरी भांडी घासून गेला असेल. त्यावर नणंदेने विचारले, "वकीलसाहेब, दर नऊ सेकंदांना एक भांडं घासायला आमच्या घरी रोज वरात जेवते का?" पाच महिन्यांनी तडजोड झाली. रक्कम किती ते मला ठाऊक नाही, मला किलोच कळतात. पण शस्त्रक्रियेनंतर ती पुन्हा आली तेव्हा काळा काटा एकोणीसपर्यंत चढला आणि तिने साडीवर घातलेल्या कामाच्या शर्टाचे बटण एका हाताने लावून दाखवले. नणंदेने टाळ्या वाजवल्या, आणि वर बटण वाकडे लावल्याचेही सांगितले.

नोंदवाल्या बाईंवर चौकशी बसली. ती अजून उठलेली नाही. त्यांची पकड डॉक्टरांनी स्वतः मोजली, स्वतः काटा खाली आणला, स्वतः लिहिली : तेरा. त्यानंतर त्या सात आठवड्यांतल्या दोनशे चौसष्ट माणसांना पत्रे गेली : तपासणीत मंडळाची चूक झाली, कृपया पुन्हा यावे. ती पत्रे बाईंनी डाव्या हाताने लिहिली. कोणी सांगितले नव्हते.

लोक आले. काही रागावून आले, काही शिव्या देत आले, एकाने मला उचलून खिडकीपर्यंत नेले होते. हळूहळू सगळे सापडले. एक सोडून.

तो पुस्तके बांधणारा होता. उंच, खांद्यात वाकलेला, नखांत वाळलेली खळ. चाळीस वर्षे त्याने कागदाच्या घड्या अंगठ्याने दाबल्या होत्या. नोंदवहीत त्याच्या नावापुढे शेरा आहे : 'अर्जदाराने मंडळाचा वेळ घेतल्याबद्दल माफी मागितली.' मला ते आठवते. डॉक्टरांनी हात धडधाकट असल्याचे सांगितल्यावर तो ओशाळून हसला होता आणि म्हणाला होता, "यंत्र कशाला खोटं बोलेल? माझ्याच मनाचे खेळ असतील." जाताना त्याने मला नीट, सरळ ठेवले होते. त्याचे पत्र तीनदा परत आले. पत्त्यावर राहत नाही.

मित्रांनो, आता माझ्या चकतीला दर शनिवारी तेल मिळते. तुमच्या घरी, शाळेत, दुकानात जी काही मोजणारी यंत्रे असतील त्यांनाही द्या. आणि आपल्या मापाने कोणाचा हात, कोणाची परीक्षा, कोणाचा खरेपणा ठरवण्याआधी आपला काटा कुठे आहे ते एकदा वाकून बघा. पण मला चैन पडत नाही ते यासाठी नाही. दार वाजले की माझा काटा हलतो, आणि आत येणारा दुसराच कोणी असतो.

तुमच्या ओळखीत असा एखादा माणूस असेल, चहाचा कप दोन्ही हातांनी धरणारा, हातातून काही पडले की स्वतःलाच वेंधळा म्हणणारा, तर त्याला एवढा निरोप द्या. त्या दिवशी तुझी पकड नऊ होती. मी मोजली होती. तुझ्या मनाचे खेळ नव्हते. परत ये.