लाजवंतीची वही

साल एकसष्ट. मलकापूरच्या शाळेत पाचवीला श्रावणात एक सिंधी पोरगी आली, लाजवंती. फाळणीत घरदार सुटलेलं कुटुंब; इतकी वर्षं कल्याणच्या छावणीत काढून आता बापानं इथं कापडाचं दुकान टाकलं होतं. पोरीला मराठीचा गंध नाही, आणि आपल्याकडे इंग्रजी शिकवायचं ते मराठीतूनच! आता बिचारीनं करावं तरी काय?

तिच्या वर्गबाई अन्नपूर्णाबाई, धाड गावच्या. तोंडानं फटकळ, पण जीव लावणाऱ्या. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास तिला घेऊन बसत. पोरगी सगळं ऐकायची, बोलायची मात्र एक अक्षर नाही. वही तपासायला मागितली की ती छातीशी घट्ट धरून बसायची. शेवटी बाईंनी तिला एक नवी वही दिली आणि निम्म्या हातवाऱ्यांनी सांगितलं, "तुले जमन तसं लिही माय. तुह्या भाषेतही लिही. मी पाहाले मांगणार नाही."

दिवाळी उलटली तसे हेडमास्तर जानराव वर्गात येऊन उभे राहिले. "बाई, दिवाळीपर्यंतची मुदत तुमीच मांगितली होती. दाखवा वही. काही आलं नसन, तर उद्यापासून पोरगी तिसरीत."

त्यांनी वही उघडली. पहिलं पान कोरं. दुसरं कोरं. तिसरंही! पोरं खिदळली. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पाहायला मागितली नाही, हेच चुकलं की काय? जानरावांनी वही टेबलावर आपटली.

लाजवंती उठली. तिनं वही उचलली, पालथी केली आणि शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढे धरली. तिची लिपी उजवीकडून डावीकडे चालते, म्हणून तिची वहीसुद्धा तिकडूनच सुरू होते, हे इथं कोणाच्या ध्यानीमनी तरी होतं का?

अगं बाई! पान गच्च भरलेलं. डावीकडून इंग्रजी, उजवीकडून सिंधी, आणि मधोमध मराठी. तीही आपली वऱ्हाडी! 'का'साठी 'काऊन', 'हो'साठी 'हाव', सगळं बाजारातून, नळावरून वेचून आणलेलं. पुढचं पान तसंच, त्याच्या पुढचंही. अन्नपूर्णाबाई एकेक पान उलटू लागल्या. इतकी वर्षं शिकवलं, पण असं शिकणारं लेकरू त्यांनी पाहिलं नव्हतं. एवढ्याशा डोक्यात एवढं मावतं तरी कसं?

जानरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पाचवीतच राहू द्या," ते हळूच म्हणाले.

लाजवंतीनं बाईंचा पदर ओढला आणि भर वर्गात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"बाई, तीनच पानं राह्यले. मले दुसरी वही लागन."