हिरवी तार

साकीनाक्याला धोंडिरामचं वर्कशॉप म्हणजे एका गाळ्याचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्यात लेथ चालायची. शनिवारी दुपारी जयवंत धाकट्या बहिणीला, अनुपमाला, घेऊन तिथे आला, तेव्हा धोंडिरामने टेबलावरचे रेडिओचे सांगाडे बाजूला सारून गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरपर्यंत नेणारे दोन पिकअप मांडले. आठ दिवसांनी, रविवारी सकाळी, अनुपमा मुलुंडच्या एका हॉलमध्ये क्लासिकल गिटार वाजवणार होती. हॉल सहाशे खुर्च्यांचा. नायलॉनच्या तारांचा आवाज चौथ्या रांगेपलीकडे पोचत नाही, म्हणून पिकअप हवा होता.

"हा लोहचुंबकाचा," धोंडिराम म्हणाला. "आवाज दणदणीत. पण याला नायलॉन कळत नाही. स्टीलच्या तारा चढवाव्या लागतील."

"मग त्या ताणाने तारा बांधलेला ब्रिजच उखडून हातात येईल माझ्या," अनुपमा म्हणाली. "दुसरा दाखवा."

दुसरा म्हणजे चार आण्याएवढी पितळी चकती. धोंडिरामने ती गिटारच्या पोटात, ब्रिजच्या बरोबर खाली चिकटवली आणि वायर ॲम्प्लिफायरला जोडली. अनुपमाने वाजवलं. आवाज गिटारचाच होता, लाकडाचा. पण त्याच्या खाली एक जाड घरघर लागून राहिली होती.

"हमिंग," धोंडिराम म्हणाला. "थांब, पोरी." वाजवताना उजवा हात गिटारच्या कडेवर जिथे टेकतो, तिथे त्याने तांब्याची पट्टी चिकटवली आणि तिची तार ॲम्प्लिफायरच्या बॉडीकडे जाणाऱ्या तारेला जोडली. "आता टेकव हात."

तिने हात टेकवला. घरघर सुरीने कापल्यासारखी थांबली.

"झकास," अनुपमा म्हणाली. "दादा, हाच."

जयवंतने पट्टीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत तारेवरून बोट फिरवलं. "म्हणजे हिचं अंग ॲम्प्लिफायरच्या बॉडीला जोडलं गेलं."

"हो. तीच तर युक्ती आहे."

"आणि बॉडीत करंट उतरला तर?"

"अर्थिंग असेल तर जमिनीत जाईल; नसेल तर माइकला ओठ लागताच हिच्या अंगातून. प्लगमधली हिरवी तार असते ना, तिचं कामच ते." धोंडिरामने चष्म्यावरून पाहिलं. "काही गाढवं हमिंग घालवायला तीच तार काढून टाकतात. त्यांना मात्र देव वाचवो."

 त्या गाढवांपैकी एक जयवंत होता.

गेल्या वर्षी, पंच्याऐंशीच्या गणपतीत, घाटकोपरच्या मंडपात त्याचा मित्र शिवदास स्टीलच्या तारांची गिटार घेऊन गाणार होता. हमिंग जाईना. कार्यक्रमाला दहा मिनिटं असताना जयवंतने ॲम्प्लिफायरचा प्लग उघडला, हिरवी तार सोडवली, प्लग बंद केला. हमिंग गेली. शिवदासने लांबूनच अंगठा दाखवला. दुसऱ्या कडव्याला त्याचे ओठ माइकला लागले आणि डावा हात तारांवर चिकटून राहिला. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो जयवंतने परत कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. कुणीतरी लाथ मारून प्लग उडवला. शिवदास वाचला, डाव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिली. मंडपवाल्याची वायर जुनी, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तो प्लग अजून जयवंतच्या घरी खिळ्यांच्या डब्यात होता.

रविवारी नऊ वाजता जयवंत खिशात टेस्टर घालून हॉलवर पोचला. साउंडवाला माणिक स्टेजमागे वायरी पसरत होता. जयवंतने ॲम्प्लिफायरच्या वायरीचा माग काढला. वायरीला प्लगच नव्हता. दोन उघडी टोकं बोर्डाच्या भोकांत खुपसून काड्यापेटीच्या काड्यांनी घट्ट केली होती. हिरवी तार बाजूला लोंबत होती.

"ही का नाही लावली?"

"कुठे लावू? हॉलच्या बोर्डात तिसरं भोक नुसतं शोभेला आहे. मागे तारच नाही."

जयवंतने टेस्टर ॲम्प्लिफायरच्या बॉडीला टेकवला. आतला लाल दिवा लागला.

"एवढं येतंच साहेब," माणिक म्हणाला. त्याने काड्या काढून टोकांची अदलाबदल केली. दिवा विझला. "झालं समाधान?" पण कुणी टोकं उलटी खुपसली की दिवा पुन्हा लागणार होता.

अनुपमा स्टेजवर खुर्चीत बसली होती. समोर निवेदनाचा माइक. रचनांची नावं तीच सांगणार होती. बंद पडद्याच्या फटीतून पहिल्या रांगेत येऊन बसलेला शिवदास दिसत होता. तिचा हात पट्टीकडे जाताना दिसला आणि जयवंत धावला.

"पट्टी काढ."

"वेड लागलंय का तुला? हमिंगमध्ये वाजवू? वाट लागेल माझी."

"अनू, काढ."

"कारण सांग."

त्याने सांगितलं. हळू आवाजात, चार वाक्यांत: प्लग, हिरवी तार, दहा मिनिटं, शिवदास. सांगताना तो तिच्या खुर्चीशी उकिडवा बसला. 

"शिवदासदादाला माहीत आहे?"

"नाही."

तिने नखाने पट्टीचा कोपरा उचलला, पट्टी सोलून काढली, तिची तार ओढून तोडली आणि दोन्ही त्याच्या हातात दिलं.

पडदा उघडला. घरघर हॉलभर पसरली. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. अनुपमाने माइकजवळ तोंड नेऊन नाव सांगितलं; जयवंत स्टेजमागे बोर्डाची वायर धरून उभा होता. काही झालं नाही. ती वाजवू लागली. हळूहळू लोक घरघरीच्या पलीकडचं ऐकू लागले.

पहिली रचना संपली. टाळ्या वाजत असताना माणिकने टेबलफॅन लावायला बोर्डातल्या काड्या उपसल्या. घरघर बंद झाली. फॅन त्या भोकांत बसवून त्याने ॲम्प्लिफायरची टोकं शेजारच्या भोकांत खुपसली, न बघता. जयवंतने टेस्टर टेकवला. लाल दिवा लागला, मघापेक्षा लख्ख.

त्याने वळून पाहिलं. अनुपमा पुढचं नाव सांगत होती. ओठ माइकच्या जाळीला टेकले होते, आणि उजवा हात गिटारच्या कडेवर, पट्टी होती त्याच जागी, नुसत्या लाकडावर. पट्टी जयवंतच्या मुठीत होती. त्याने माणिकचं मनगट धरलं आणि टोकं पुन्हा फिरवायला लावली. कार्यक्रम संपेपर्यंत तो बोर्डाला पाठ लावून उभा राहिला, कुणी जवळ येऊ नये म्हणून.

शेवटी शिवदास स्टेजमागे आला. अनुपमाच्या डोक्यावर त्याने वाकड्या बोटांचा हात ठेवला. "सुंदर वाजवलंस गं." मग जयवंतकडे वळला. "पण हमिंग फार होती रे. माझ्या वेळी किती साफ घालवली होतीस. या वेळी काय झालं?"

अनुपमा गिटार पेटीत ठेवू लागली. तिने वर पाहिलं नाही.

जयवंतने दोन लोखंडी खुर्च्या समोरासमोर ओढल्या. मुठीतली पट्टी घामाने भिजली होती.

"बस," तो म्हणाला. "सांगतो."