चौथ्या खणातला ब्रेकर

मित्रांनो, तुमच्या घरी भिंतीवरच्या पेटीत बोटाएवढे खटके असतात ना? वीज जास्त झाली की ते टक्कन खाली पडतात आणि मग आई विचारते, "इस्त्री आणि गिझर एकदम कुणी लावला?" ते सगळे माझे पुतणे. मी त्यांचा थोरला काका, एक जुना सर्किट ब्रेकर. उंचीला पुरुषभर, वजनाला चार गड्यांना भारी. तुमच्यापासून फार दूर, तिसा नदीकाठच्या एका साखर कारखान्यात, वीजघराच्या चौथ्या खणात मी एकतीस वर्षे उभा आहे. जुना म्हटले म्हणून माझी कीव करू नका. मी अजून कामावर आहे, आणि मला स्वतःचा फार अभिमान आहे. तो मी लपवणार नाही.

माझे काम ऐकून तुम्हाला हसू येईल. सगळे सुरळीत चालू असेल तेव्हा मी काहीच करायचे नसते. हात घट्ट मिटून उभे राहायचे, आणि वीज त्या हातांतून जाऊ द्यायची. पण कुठे केबल फुटली किंवा मोटर जळाली, की सेकंदाचा विसावा भाग उलटायच्या आत हात सोडवून वीज तोडायची. हात सुटताना मध्ये असा जाळ उठतो की तांबे वितळावे. तो मी पोटातल्या तेलात विझवतो. मी उशीर केला, तर तोच जाळ तिकडे मोटरपाशी होतो आणि मोटरपाशी माणसे असतात.

माझा जन्म डोंगराकडच्या एका कारखान्यातला. माझी स्प्रिंग बसवणाऱ्या बाई मोठ्या कडक होत्या. त्यांनी मला शंभर वेळा उघडले, शंभर वेळा मिटले, दर वेळी घड्याळ लावले आणि शेवटी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "जा. कुणाचा जीव जाऊ देऊ नकोस." मग मला गवत भरलेल्या खोक्यात घालून आगगाडीने इकडे धाडले.

इकडे मला उतरवून घ्यायला व्हितोमिर आला होता. तेव्हा तो तिशीचा, सडपातळ, झुबकेदार मिशांचा वीजमिस्त्री होता. माझ्याबरोबर आलेले माहितीपुस्तक त्याने पेन्सिल घेऊन दोनदा वाचले. आमच्याकडे साखर उसाची नाही, बीटाची. सप्टेंबरात हंगाम सुरू झाला की डिसेंबरपर्यंत कारखाना रात्रंदिवस चालतो, म्हणून ऑगस्ट महिना आमच्या दुरुस्तीचा. दर ऑगस्टात व्हितोमिर मला रुळावरून खणाबाहेर ओढायचा, पोटातले तेल बदलायचा, माझे हात घासून लख्ख करायचा, सांध्यांना वंगण द्यायचा. माझ्या छातीवर एक छोटी काच आहे. मी किती वेळा उघडलो त्याचा आकडा तिच्यामागे दिसतो. तो आकडा तो वळणदार अक्षरात वहीत लिहून ठेवायचा आणि मला खणात ढकलताना म्हणायचा, "हे बघ, माझी बायको तुझ्या हवाली आहे."

ते खरेच होते. त्याची बायको देसांका बीट कापायच्या यंत्रावर कामाला, आणि त्या यंत्राच्या मोटरला वीज माझ्यातून जायची.

सहाव्या वर्षी वजनकाट्याजवळ खोदकाम करणाऱ्या यंत्राने जमिनीतली माझी केबल चावली. मी पडलो. म्हणजे काय, तर उघडलो; आमच्या धंद्यात त्याला पडणेच म्हणतात. यंत्राचा चालक खाली उतरला, मातीत फतकल मारून बसला, सिगारेट ओढली आणि मग एकटाच हसत सुटला. त्याच्या केसालाही धक्का लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी व्हितोमिरने माझ्या दांड्याला बोसिल्याकची जुडी बांधली. बोसिल्याक म्हणजे इथली तुळसच. ती अशीतशी कुणाला वाहत नाहीत. आठवडाभर जो तो मला बघायला येत होता. मी फुगून गेलो होतो म्हणा ना!

मग वाईट वर्षे आली. देश फुटला आणि माझे सुटे भाग बनवणारा कारखाना एका सकाळी सरहद्दीपलीकडे गेला. तेल मिळेनासे झाले. व्हितोमिरच्या हाताखालची माणसे परदेशी निघून गेली, आणि नऊ खणांचे वीजघर त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडले. माझी ऑगस्टची दुरुस्ती आधी अर्धी झाली, मग नुसती धूळ झाडण्यापुरती उरली. यंत्र चालू-बंद करायला वेगळा छोटा खटका होता, त्यामुळे मला हलवायची वेळच येत नसे. सात वर्षे मी एकदाही उघडलो नाही. वहीत दर ऑगस्टला तेवढा आकडा पडायचा. चारशे बारा. पुढच्या वर्षी पुन्हा चारशे बारा.

कुणी पाहुणा आला की व्हितोमिर माझ्याकडे बोट दाखवायचा. "हा सात वर्षांत एकदाही पडला नाही. सोनं आहे सोनं!" आणि मला ते ऐकून बरे वाटायचे. खोटे कशाला बोलू? आतून मला कळत होते. माझ्या सांध्यांतले वंगण सुकून डिंकासारखे घट्ट झाले होते. पण स्तुती कुणाला नको असते?

मग माझ्या एकतिसाव्या वर्षी वीजपुरवठ्याचा नवा नियम आला. हंगामापूर्वी प्रत्येक ब्रेकरची चाचणी झालीच पाहिजे, चाचणी करणाऱ्याने सही केल्याशिवाय वीज मिळणार नाही. चाचणीला शहरातून स्लावेन्का नावाची इंजिनीअर यायची होती. व्हितोमिरला त्याच वर्षअखेर निवृत्त व्हायचे होते. मी नापास झालो तर मला भंगारात काढतील आणि त्याच्या एकतीस वर्षांवर पाणी पडेल, अशी धास्ती त्याने घेतली.

चाचणीच्या दिवशी तो सकाळी सहालाच आला. मला खणाबाहेर ओढले आणि दांडा ओढून उघडले. सात वर्षांनी पहिल्यांदा! मी करकरत, रेंगाळत, कण्हत उघडलो. व्हितोमिर जागच्या जागी थिजला. तो आवाज त्याला नीट ऐकू आला होता. पण मग त्याने तेलाची बुधली घेतली, बाहेरूनच सांध्यांवर चार थेंब सोडले आणि मला पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. पाचव्या वेळी मी खाडकन उघडलो. "हां, आता कसा!" तो म्हणाला. मग स्वतःलाच समजावल्यासारखा पुटपुटला, "पाहुणे यायचे म्हटल्यावर माणूस घर झाडतोच की."

आमच्या भागातले सगळे मिस्त्री हेच करतात, मित्रांनो. तपासनीस यायच्या आधी ब्रेकर जागा करून ठेवायचा. यात लबाडी आहे असे कुणाच्या मनातही येत नाही. शाळेच्या फोटोआधी आई पोराचा भांग पाडते, तितकेच ते साधे.

स्लावेन्का दहाला आली. चाळिशीची बाई, आखूड केस, हातात उपकरणांची जड पेटी. ती कुणाला उचलू देईना. व्हितोमिरने रिवाजाप्रमाणे तिच्यापुढे जर्दाळूच्या मुरांब्याची बशी, चमचा आणि पाण्याचा ग्लास ठेवला. तिने चमचाभर खाल्ला, पाणी प्याली आणि कामाला लागली. वायरी जोडल्या, मला एकदा उघडले. सेकंदाचा विसावा भाग! डायरेक्टर मोम्चिलो बाजूलाच उभे होते. त्यांनी टाळी वाजवली आणि खिशातून पेन काढून तिच्यापुढे धरले. तेवढ्यात देसांका नवऱ्यासाठी फडक्यात बांधलेली गिबानित्सा घेऊन आत आली. चीजचे ते पापुद्र्यांचे पक्वान्न ती फक्त चांगल्या दिवशी करायची.

स्लावेन्काने पेन घेतले नाही. ती वही चाळत होती. मग तिने माझ्या छातीवरच्या काचेत वाकून पाहिले.

"व्हितोमिर काका, वहीत सात वर्षं चारशे बारा आहे. इथे चारशे अठरा दिसतंय. मी तर एकदाच उघडला. बाकीचे पाच कुणाचे?"



"अहो बाई, पाच काय नि सहा काय!" डायरेक्टर म्हणाले. "आकडा चांगला आलाय ना? मग करा सही. शेतकऱ्यांच्या गाड्या सोमवारपासून दारात लागतायत."

"करते ना. काकांनी फक्त एवढं सांगावं, सकाळी पहिल्यांदा उघडला तेव्हा आवाज कसा आला?"

सगळे व्हितोमिरकडे बघू लागले. मीही. आणि मित्रांनो, लाज वाटते सांगायला, पण मी मनात म्हणत होतो, सांग, छान आला म्हणून सांग. मला भंगारात जायचे नव्हते.

"बोल की," देसांका म्हणाली. "एरवी तर जेवतानाही तोंड मिटत नाही तुझं."

व्हितोमिरने टोपी काढली. मग म्हणाला, "जुनं दार करकरतं ना, तसा. रेंगाळला तो. त्याची चूक नाही, पोरी. सात वर्षं मी नुसता आकडा लिहिला, हात लावला नाही. आणि आज तुला फसवायला निघालो होतो."

"मला कशाला फसवताय?" स्लावेन्का शांतपणे म्हणाली. "मी संध्याकाळी घरी जाणार. पण मोटर जळेल त्या दिवशी आधी येऊन कुणी याला पाच वेळा हलवणार आहे का? तेव्हा हा जसा असेल तसाच उघडणार, आणि जे व्हायचं ते पहिल्याच खेपेला."

डायरेक्टर तापले. हंगाम, गाड्या, करार, सगळे एका दमात बोलून गेले. देसांकाने गिबानित्सा टेबलावर आदळली.

"साहेब, त्या मोटरपाशी दिवसभर मी उभी असते. तुमची खुर्ची तिथे आणून टाका, मग आजच चालू करू. या, बसा माझ्या शेजारी!"

साहेब काही बसायला गेले नाहीत. त्यांनी गावोगाव निरोप धाडला, बीट आणखी दोन आठवडे जमिनीतच राहू द्या.

मग चार दिवस व्हितोमिर आणि स्लावेन्का माझ्यात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. एकेक सांधा सोडवला, डिंक झालेले वंगण रॉकेलने धुतले. झिजलेली एक खीळ व्हितोमिरने लेथवर नवी घडवली. तेल बदलले. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे नुसते बघत नव्हते, मला हात लावत होते. चौथ्या दिवशी मी झकास उघडलो. पण स्लावेन्का समाधानी झाली नाही. ती म्हणाली, "आत्ता उघडणारच. आता दहा दिवस याला कुणी हात लावायचा नाही."

व्हितोमिरने माझ्या खणाला स्वतःच्या हाताने कुलूप घातले आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. "तूच ठेव. माझा माझ्यावर भरवसा नाही."

ते दहा दिवस मी आयुष्यात कधी विसरणार नाही. अकराव्या दिवशी ती परत आली. कुलूप काढले, वायरी जोडल्या, आणि मला एकदाच उघडले. मी सगळा जीव एकवटला. तिने आकडा पाहिला आणि उपकरण व्हितोमिरकडे वळवले. विसावा भाग!

"पहिल्याच वेळेला, काका," ती म्हणाली आणि सही केली. व्हितोमिरने माझ्या अंगावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. सात वर्षे ऐकलेल्या साऱ्या स्तुतीपेक्षा मला ते मोठे वाटले.

नोव्हेंबरात, ऐन दुपारी, कापायच्या यंत्राची मोटर आतून जळाली. मला कसलीही सूचना नव्हती. मी पडलो. वीज तुटली, यंत्र थांबले, पट्ट्यावरचे बीट जागीच राहिले. व्हितोमिर धावत मोटरपाशी गेला. तिचे झाकण त्याने काढले तेव्हा आत तांब्याचा काळा गोळा झालेला दिसला. वरचे कवच मात्र शाबूत होते. ते फुटले असते, तर हातभर अंतरावर देसांका उभी होती. तो परत वीजघरात आला आणि माझ्यासमोर मटकन खाली बसला.

एवढ्यात देसांका तरातरा आत आली, कोपरापर्यंत चिखलाची, डोक्याचा रुमाल मानेवर घसरलेला.

"व्हितो! इथे बसून काय करतोस? माझं यंत्र बंद पडलंय, बीट तुंबलंय! मेला तो तुझा ब्रेकर, नेमका आत्ताच पडायचा होता?"

व्हितोमिर हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"हसतोस काय येड्यासारखा? ऊठ!"

"उठतो, बाई, उठतो. तू ओरड. ओरडत राहा."

ती ओरडतच बाहेर गेली. आपल्याला काही झाले असते, हे तिला कळलेच नाही. मित्रांनो, बोसिल्याकची जुडी मला एकदाच मिळाली आणि त्या दिवशी तर शिवी मिळाली. पण माझ्या उभ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान तोच.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, इमारतीत माझ्यासारखे पुष्कळजण गप्प उभे असतील. कुरकुर करत नाहीत म्हणून त्यांना विसरू नका. वर्षाकाठी एकदा तरी हात लावा, वंगण द्या, तपासा. आणि तपासायला याल तेव्हा न सांगता या. आमची खरी गरज पडते ती वेळ कधी सांगून येत नाही, आणि तेव्हा आम्हाला दुसरी संधी नसते.