भुवईवरची खूण

सोमेश्वरने मोटारसायकल कोर्टाच्या फाटकाशी लावली, हँडलला अडकवलेल्या पिशवीतून जिलबीचा पुडा काढला आणि बहिणीच्या हातात कोंबला.

"खाऊन घे. साक्षीला लई येळ लागतो."

पुडा गरम होता. हा बाबा लग्नानंतरच्या नऊ वर्षांत सुनिताच्या वसमतच्या घरी दोनदा आला होता, तोही कामापुरता. आज भल्या सकाळी हट्ट्याहून निघून 'तुला कोर्टात सोडतो' म्हणत दारात उभा!

"दादा, कामधंदा सोडून काहून आलास?"

"बहीण दुभाषी झाली, प्रमाणपत्रवाली. पाहू नये का भावानं?" तो हसला. मग त्याचा आवाज खाली आला. "नानीबाई म्हातारी झाली बघ. उगी हात हलवीत राहते. जेवढं लागंल तेवढंच सांग."

"ती म्हणंल तेवढं सांगणार."

"व्हय, तेच म्हणून राहिलो मी," तो म्हणाला आणि तिच्या आधी फाटकातून आत गेला.

नानीबाई जन्माची मुकी-बहिरी. सुनिताची आई भागूबाईही तशीच. हट्ट्यात दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. शाळेतली खुणांची भाषा दोघींना कुठून येणार? त्यांनी आपली आपणच एक भाषा जुळवली, आणि भागूबाईच्या दोन लेकरांनी ती आईच्या मांडीवरच उचलली. त्या भाषेत गावातल्या प्रत्येकाला नाव होतं. मनगटावर बांगडी फिरवली की भागूबाई. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं की ट्रॅक्टरवाला शकील. आणि लहानपणी बैलाचं शिंग लागून डाव्या भुवईवर व्रण उठला, तेव्हापासून भुवईवरून बोट ओढलं की सोमेश्वर.

शकील चौदा महिन्यांपासून तुरुंगात होता. गावातल्या एका बागायतदाराची कापून रचलेली सोयाबीनची सुडी कोणीतरी पेटवली होती आणि सुडीमागे निजलेला राखणदार सोनाजी त्यात जळून गेला होता. मालकाने शकीलला कामावरून काढलं होतं, त्यामुळे संशय त्याच्यावरच. पाहणारी एकटी नानीबाई. ठाण्यात तिचा जबाब घेताना तिचे हात कोणाला कळेनात, म्हणून गावकऱ्यांनी कळणाऱ्यालाच बोलावलं. सोमेश्वरला. त्याने सांगितलं, ती शकील म्हणतेय. हात कळणारा माणूस मिळाला यातच सगळे खूश. त्याचं आणि त्या बागायतदाराचं बांधावरून हाडवैर होतं, हे तेव्हा कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

शकीलच्या वकिलाने मात्र हट्टच धरला, की प्रमाणपत्र असलेला दुभाषी हवा. नांदेडहून आलेल्या दुभाषी बाईंना नानीबाईचा एकही हात कळला नाही. मग सुनिताचं नाव निघालं. मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेतली शिक्षिका, परीक्षा देऊन तीन महिन्यांपूर्वीच दुभाषी झालेली. आरोपी नात्यातला आहे का, असं कोर्टाने विचारलं. नाही, असं तिने सांगितलं, आणि ते खरंच होतं.

पुकारा झाला. सुनिताने शपथ घेतली. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं: साक्षीदार जे म्हणेल ते, तसंच, आणि 'मी' म्हणून. पदरचं घालायचं नाही, पदरात लपवायचं नाही. तेव्हा तिला वाटलं होतं, त्यात काय अवघड!

मागच्या बाकावर शकीलची आई खतीजाबी मांडीवर डबा घेऊन बसली होती. दर तारखेला ती डबा आणायची. तिच्या शेजारी सोमेश्वर.

"त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही कुठे होता?" सरकारी वकिलांनी विचारलं.

सुनिताचे हात हलले. नानीबाईचे हलले.

"मी शेळ्या घेऊन ओढ्याच्या काठी होते," सुनिता म्हणाली.

"सुडीपाशी कोणाला पाहिलं?"

नानीबाईने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उजवा हात उचलला आणि डाव्या भुवईवरून बोट ओढलं.

"घाम आला वाटतं आजीला," कोणीतरी हळूच म्हणालं.

न्यायाधीशांनी मान वर केली. "दुभाषी, काय म्हणाल्या त्या?"

घाम पुसला, साहेब. एवढंच म्हणायचं होतं. कोण धरणार होतं तिला? सुनिताची नजर मागे गेली. सोमेश्वर तिच्याकडेच पाहत होता. त्याने डाव्या मनगटावर सावकाश बांगडी फिरवली. आई. मग बोटांचा घास करून तोंडाशी नेला. आई माझ्या घरी आहे, माझ्या हातचं खाते. भरल्या कोर्टात त्याने हे सांगितलं आणि बाकी एकाही माणसाला कळलं नाही. ह्याच हातांनी त्याने तिला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं होतं.

"दुभाषी?"

खतीजाबीने डबा छातीशी धरला होता.

"मी सोमेश्वरला पाहिलं," सुनिता म्हणाली.

सरकारी वकील वळले. "कोण सोमेश्वर? विचारा त्यांना. खात्री आहे का?"

आता खूण तिलाच करायची होती. जेवायला बोलवताना, भांडताना, राखीच्या दिवशी त्याची वाट पाहताना तिने ती हजारदा केली असेल. तिने आपल्या भुवईवरून बोट ओढलं आणि विचारलं: हाच का?

नानीबाईने मान डोलावली. तेवढ्यावर ती थांबली नाही. तिने मनगटावर बांगडी फिरवली, दोन बोटं एकमेकांना लावून धरली, डोळ्यांकडे नेली. मग स्वतःचाच उचललेला हात दुसऱ्या हाताने गच्च धरून खाली दाबला.

चौदा महिने झाले, आईने भुवईवर बोट ओढलं नव्हतं. सोमेश्वरचं काही सांगायचं तर ती नुसतं दाराकडे बोट दाखवायची. सुनिताला वाटलं होतं, म्हातारपण, विसरत चालली. नवऱ्याला तिने तसं हसत सांगितलंही होतं.

"त्या आणखी काही म्हणाल्या का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"व्हय, साहेब." प्रमाणभाषेचं भान तिला उरलं नव्हतं. "भागू माझ्यासोबत होती. तिनं माझ्याआधी पाहिलं. मी हात वर केला, तर तिनं माझा हात धरून खाली दाबला."

टाइप करणाऱ्या बाई थांबल्या.

"ह्या भागू कोण?"

"भागूबाई. माझी आई, साहेब. आन् सोमेश्वर माझा भाऊ."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"त्या बोलू शकतात?"

"न्हाई. अशाच. हातानं."

"त्यांची साक्ष घ्यावी लागेल. आणि त्यांच्यासाठी तुम्ही चालणार नाही, हे तुम्हाला कळतं ना?" त्यांनी कागद चाळले, ठाण्यातल्या जबाबाशी थांबले. "ही भाषा तुमच्याशिवाय आणखी कोणाला येते?"

सुनिताने मागे पाहिलं. सोमेश्वर जागेवरच होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

"येते, साहेब," ती म्हणाली. "एकाला."