अडलेलं गाऱ्हाणं

लालबागच्या कमळाबाई चाळीत त्या रविवारी पावसावर मतदान झालं आणि पाऊस हरला. हसू नका, खरंच झालं. चाळ पाडून तिथे टॉवर उठणार होता, आणि बिल्डरच्या नकाशात विजेचे मीटर नि पाण्याचे पंप तळघरात दाखवले होते, कारण वरची जागा गाड्यांना हवी होती. दत्ताराम परबांची नात अनुजा हवामानाचा अभ्यास करते, त्यातच पीएचडी करतेय. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मीटर वर घ्या. समुद्र तापतोय, हवेत वाफ जास्त राहतेय, दिवसभराचा पाऊस दोन तासांत कोसळायला लागलाय. पुढे आणखी कोसळेल. सगळ्यात आधी तळघर भरणार."

सेक्रेटरी अवधूत सावंत तसा वाईट माणूस नव्हे. कुणाला हॉस्पिटलात न्यायचं असो की शाळेचा दाखला काढायचा असो, पहिला धावणार तोच. पण खिशात मोबाइल आणि मोबाइलात जगातलं सगळं ज्ञान, त्याला कोण काय सांगणार? "अगं, शास्त्रज्ञांतच एकमत नाही म्हणतात," तो म्हणाला. "परवाच व्हिडिओ आलेला. आणि पाणी काय आज भरतंय होय? माझा बाप गुडघाभर पाण्यातून गिरणीत जायचा." मागून कुणीतरी म्हणालं, वेधशाळेने ऊन सांगितलं की मी छत्री घेऊनच निघतो. झालं, सगळी मीटिंग हसली.

"लोकशाही आहे बाबा," अवधूत म्हणाला. "हे हवामानबिवामान ज्यांना खरं वाटतं, त्यांनी हात वर करा."

हात तीनच वर गेले. एक अनुजाचा, एक दत्तारामचा आणि तिसरा तळमजल्यावरच्या रश्मीचा, जिच्या घरात दर पावसाळ्यात गटाराचं पाणी शिरतं. अनुजाने एवढंच विचारलं, "काका, पाऊस तुमची परवानगी घेऊन येतो का?" आणि ती खाली बसली. मीटर तळघरातच ठेवायचा ठराव पास झाला. गणपती गेले की सोमवारी नकाशावर सह्या करायच्या असं ठरलं.

दत्ताराम घरी आला तो धुमसतच. त्याला स्वतःचं काही पडलेलं नव्हतं, त्याला पडली होती बायकोची, शांताची. बाईने उभं आयुष्य मसाल्याच्या गिरणीत मिरची कांडली, आता फुफ्फुसं साथ देईनात. नाकाला नळी आणि उशाशी विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन, असा तिचा संसार खाटेवर आला होता. टॉवरमध्ये त्यांना घर मिळणार होतं चौदाव्या मजल्यावर. तळघर भरलं की मीटर जाणार, मीटर गेले की लिफ्ट बंद आणि मशीनही बंद. मग ह्या बाईला चौदा मजले खाली आणणार कोण, तो व्हिडिओ पाठवणारा?

"एक सांग," तो अनुजाला म्हणाला. "हे तू एकटीच म्हणतेस की सगळे?"

"सगळे, आजोबा. किती पडेल, कुठे पडेल यावर आम्ही रोज भांडतो. पण पृथ्वी तापतेय आणि ती माणसाने तापवलीय, यावर अभ्यास करणाऱ्यांत भांडण उरलेलं नाही. ते भांडण फक्त बाहेर आहे."

दत्तारामने खाटेकडे हात केला. "हिच्या फुफ्फुसाचं तीन डॉक्टरांनी एकच सांगितलं," तो म्हणाला, "तेव्हा आपण चाळीत हात वर करायला लावले काय? गपचूप मशीन आणलं ना? मग जा, परत सांग त्यांना."

"नाही ऐकणार. मी सांगून सांगून दमले."

खाटेवरून शांता म्हणाली, "तुमचा तरी कोण ऐकता? वर्साक एकदा ऐकतत, ता पण गाऱ्हाण्याक." आणि तिला खोकल्याची उबळ आली.

गाऱ्हाणं म्हणजे आमच्या कोकणातली रीत, गिरणगावात आली आणि इथलीच झाली. विसर्जनाच्या दिवशी मूर्ती उचलण्याआधी वडीलधारा माणूस हातात नारळ घेऊन देवापुढे उभा राहतो आणि सगळ्यांसाठी मागतो. एकेक मागणं झालं की बाकीचे एका आवाजात म्हणतात, व्हय म्हाराजा. कमळाबाई चाळीत हा मान कित्येक वर्षं दत्तारामचा. गाऱ्हाणं झाल्याशिवाय मूर्तीला कुणी हात लावत नाही. आता खरं सांगायचं तर ऐकत कुणीच नसतं. दत्तारामचा आवाज खाली आला की लोकांची तोंडं आपोआप उघडतात.

अनंत चतुर्दशीच्या दुपारी चाळीच्या चौकात उभं राहायला जागा नव्हती. रस्त्यावर फुलांनी मढवलेली ट्रॉली तयार होती, ढोलपथकाचा मयूर आणि त्याची पोरं कमरेला ढोल बांधून खोळंबली होती. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत शांताला खुर्चीवर बसवलं होतं, मशीनची वायर दारातून आत गेलेली. दत्तारामने नारळ दोन्ही हातांत धरला.

"बा देवा म्हाराजा, ह्या चाळीच्या लेकरांनी तुझी जी काय सेवा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पोराबाळांका शिक्षण दी, हाताक काम दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मयूरने टिपरू हातात घेतलं. दत्तारामने नारळ आणखी घट्ट धरला, आणि आवाज तसाच ठेवून पुढे म्हणाला, "ज्यांचो जन्म ह्या अभ्यासात गेलो, ते सगळे एका तोंडान सांगतत, पाऊस वाढतलो म्हणान. आमी त्यांका हसलाव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पाऊस किती पडात ता आमी हात वर करून ठरवला रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळी चाळ गरजली. पहिली हसली ती रश्मी. मग हसू पसरत गेलं, आणि मग ज्याला त्याला आपण काय म्हणालो ते कळलं.

अवधूत पुढे आला, कानाशी लागून म्हणाला, "दत्ताकाका, हा विषय इथे नको. देवाचं काम आहे."

"मग मी कोणाचं करतोय?" दत्तारामने आवाज मुळीच खाली केला नाही. "दरवर्षी मी ह्याच्याकडे मागतो, पावसापाण्यापासून आम्हाला राख. यंदा मागायचा नाय. जाणती माणसं सांगून गेली, आपण दात काढले, मीटर तळघरात घालायचा ठराव केला, आणि आता वर ह्याच्याकडे राखण मागायची? मला लाज वाटते. तुला वाटत नसेल तर हा घे नारळ. माग तू."

आणि त्याने खरोखरच नारळ अवधूतच्या हातात दिला.

रस्त्यावरून पोलीस शिट्ट्या मारत होते, मागच्या मंडळाची गाडी येऊन टेकली होती. अवधूतने नारळ धरला, घसा साफ केला. "बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, "पावसापाण्यात आमच्या म्हाताऱ्यामाणसांका," आणि त्याची नजर वर गॅलरीत गेली. शांता नळी सावरत वाकून त्याच्याकडेच बघत होती. ह्याच बाईने त्याला लहानपणी शाळेतून आणलं होतं, भरवलं होतं. पुढचा शब्द त्याला काही केल्या जमेना.

"काका, घ्या ना पुरं करून," तो हळूच म्हणाला.

"मी नाय. आणि ते पूर्ण झाल्याशिवाय मूर्ती हलायची नाय, हा नियम पण तुम्हीच पाळता."

अवधूतने घाम पुसला आणि गर्दीत बघून म्हणाला, "अनुजा, पुढे ये. ते मीटरचं काय म्हणत होतीस, परत सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग."

मागून सवयीने कुणीतरी म्हणालंच, "व्हय म्हाराजा."

दत्तारामने गर्रकन वळून त्या दिशेला पाहिलं.

"गप," तो म्हणाला. "व्हय मागाहून म्हणा. आधी ऐका."